जुन्या पीसीची रॅम पळवा, पण नॅनोसेकंद मोजून

घरात दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला पीसी अजून चालू असेल, तर तो भंगारात देण्याची घाई करू नका. इंटेलचे २०११ सालचे दुसऱ्या पिढीचे आणि २०१२ सालचे तिसऱ्या पिढीचे आय५ प्रोसेसर आजही पत्रव्यवहार, हिशेब, डीटीपी, मुलांचा अभ्यास आणि बेताचं फोटो-व्हिडिओचं काम निभावून नेतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, तरी लिनक्स चढवून हीच यंत्रं पुढेही कामाला लावता येतात. अशा यंत्राचा मालक मग एक दिवस बायोस उघडतो, रॅमच्या वेगाची ओळ बघतो आणि १३३३च्या जागी १६०० किंवा १८६६ निवडतो. त्याच्याशी मला बोलायचं आहे. वेग जरूर वाढवा. मात्र बायोसमधला मोठा आकडा म्हणजे वेग नव्हे, हे आधी समजून घ्या. आणि वेग कितीही वाढवलात तरी रॅमने एकही चूक करता कामा नये, ही अट स्वतःला घालून घ्या.

रॅमच्या स्टिकवर दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक वेग, समजा १६००. दुसरी ९-९-९-२४ अशी आकड्यांची माळ, म्हणजे टायमिंग. १६०० म्हणजे सेकंदाला १६०० दशलक्ष वेळा देवाणघेवाण. डीडीआर जातीच्या रॅममध्ये घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती जाते, म्हणून तिचं खरं घड्याळ ८०० मेगाहर्ट्झचंच असतं. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ८०० दिसलं म्हणून दुकानदाराने फसवलं असं समजून भांडायला जाऊ नका, ते बरोबर आहे.

टायमिंगचे आकडे म्हणजे ठोक्यांचे आकडे. साडीच्या दुकानातला विक्रेता डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला हवी असलेली साडी ज्या गठ्ठ्यात आहे, तो गठ्ठा तो आधी खाली काढून सोडतो, मग त्यातली नेमकी साडी समोर टाकतो, आणि दुसऱ्या गठ्ठ्यातली हवी असेल तर पहिला आवरून जागेवर ठेवतो. रॅममध्येही माहिती ओळी आणि स्तंभांत मांडलेली असते. ओळ उघडायला लागणारे ठोके म्हणजे टीआरसीडी, उघड्या ओळीतल्या नेमक्या स्तंभातून पहिली माहिती बाहेर यायला लागणारे ठोके म्हणजे सीएल, आणि ओळ बंद करायला लागणारे ठोके म्हणजे टीआरपी. चौथा मोठा आकडा टीआरएएसचा. ओळ एकदा उघडली की निदान तेवढे ठोके ती उघडी राहिलीच पाहिजे. माळेतला क्रम सीएल, टीआरसीडी, टीआरपी, टीआरएएस असा असतो. उघड्याच ओळीतलं काही मागितलं तर फक्त सीएल भरावा लागतो, वेगळ्या ओळीतलं मागितलं तर तिन्ही. म्हणून नुसता सीएल उतरवून बाकीचे दोन सैल ठेवले, तर दाखवायला आकडा छान होतो, काम फारसं हलत नाही.

आता खरी मेख. ठोका सगळीकडे सारखा लांब नसतो. १३३३च्या रॅमचा ठोका दीड नॅनोसेकंदाचा, १६००चा सव्वा, १८६६चा सुमारे १.०७. त्यामुळे ९ ठोके कुठले, हे विचारल्याशिवाय ९ला अर्थ नाही. हिशेब सोपा आहे: सीएलला २०००ने गुणा आणि वेगाच्या आकड्याने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत येतं. १३३३ आणि सीएल ९ म्हणजे १३.५ नॅनोसेकंद. १६०० आणि सीएल ९ म्हणजे ११.२५. पण १६०० आणि सीएल ११ म्हणजे १३.७५, म्हणजे पहिलं मिळायला १३३३ सीएल ९पेक्षाही किंचित उशीर. १८६६ला सीएल १० लावला तर १०.७, सीएल १३ लावला तर १३.९. उलट १३३३वरच थांबून सीएल ७ साधला, तर १०.५.

बहुतेकांचं इथेच चुकतं. वेगाचा आकडा वाढवतात आणि टायमिंग 'ऑटो'वर ठेवतात. मदरबोर्ड आपला जीव वाचवण्यासाठी टायमिंग सैल करतो. स्क्रीनवर १६०० किंवा १८६६ दिसतं, मनाला बरं वाटतं, आणि पहिली माहिती हाती यायला लागणारा वेळ होता तिथेच असतो. कधी कधी मागेही गेलेला असतो.

मग वेगाच्या आकड्याला काहीच किंमत नाही का? आहे, आणि चांगली आहे. पहिली माहिती किती लवकर येते हे टायमिंगवर ठरतं, पण एकदा ओघ सुरू झाल्यावर सेकंदाला किती माल वाहतो हे वेगावर ठरतं. एका चॅनलवर १३३३ची रॅम सेकंदाला १०.६ जीबी वाहून आणू शकते, १६००ची १२.८ जीबी. मोठे फोटो, व्हिडिओ रूपांतर, फाइलींचं आकुंचन अशा सलग ओघाच्या कामांना ही रुंदी लागते. आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, चित्र प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवरच चालत असेल, तर ती सगळ्यात जास्त लागते, कारण ते ग्राफिक्स रॅमच वापरतं. एएमडीचे २०१२ सालचे ए१०-५८००के सारखे प्रोसेसर मुळात १८६६च्या रॅमसाठीच बांधले होते. अशा यंत्रावर एक-दोन ठोके सैल सोडून वेग घेणं शहाणपणाचं. याउलट वेगळं कार्ड आहे आणि काम विखुरलेल्या छोट्या मागण्यांचं आहे, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, डेटाबेस, कोड कंपाइल करणं, बरेचसे खेळ, तर घट्ट टायमिंगचं पारडं जड.

या सगळ्याच्या आधी कॅबिनेट उघडा आणि स्टिक किती आहेत ते बघा. एकच स्टिक असेल तर ओव्हरक्लॉकचा विचार बाजूला ठेवून तिच्या जोडीची दुसरी आणा. १६००ची एकटी स्टिक सेकंदाला १२.८ जीबी देते, साध्या १३३३च्या दोन मिळून २१.३ जीबी देतात. ड्युअल चॅनलने जे मिळतं ते या जातीच्या रॅमवर कुठलंही ओव्हरक्लॉक देणार नाही. चार स्लॉट असतील तर जोडी कुठल्या दोन स्लॉटमध्ये बसते ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहा. शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये बसवून वर्षानुवर्षं सिंगल चॅनलवर चाललेले पीसी मी पाहिले आहेत, आणि मालकाला पत्ताही नसतो. हार्ड डिस्क फिरती असेल तर आधी एसएसडी. रॅमच अपुरी असेल तर आधी ती पुरेशी करा, कारण जागा संपून डिस्कवर टाकाटाक सुरू झाली की टायमिंगचे नॅनोसेकंद कुणाच्या खिजगणतीत नसतात.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन डीडीआर३ घेताना एक जपा. ८ जीबीच्या काही फारच स्वस्त स्टिक 'फक्त एएमडीसाठी' असतात. त्यांच्यावरच्या चिपची मांडणी वेगळी असते आणि इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डावर त्या चालत नाहीत. दुकानदाराला तुमच्या बोर्डाचं नाव सांगा आणि बदलून देण्याची कबुली घ्या.

बोर्ड काय करू देतो, हाही प्रश्न आहेच. एच६१, बी७५, एच७७ या चिपसेटवर रॅमला वरची मर्यादा आहे: दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर १३३३, तिसऱ्या पिढीचा असेल तर १६००. त्याच्यावर जायचं तर पी६७, झेड६८ किंवा झेड७७चा बोर्ड लागतो. एच६१वाल्यांनी हिरमुसू नये. १६०० सीएल ९ची स्टिक १३३३वरच चालत असेल, तर तिला सीएल ८ किंवा ७ बऱ्याचदा पेलतो, आणि सीएल ७ साधला तर वर पाहिलं तसं नॅनोसेकंदांत ती १६०० सीएल ९लाही मागे टाकते. अर्थात बायोसने टायमिंगला हात लावू दिला तरच. ऑफिसांतून निघालेल्या ब्रँडेड पीसींत ती सोय बहुधा नसते, तिथे हा विषय सोडून द्या. आणि या पिढीच्या कुठल्याही बोर्डावर १०० मेगाहर्ट्झचं मूळ घड्याळ वाढवायला जाऊ नका. त्याच घड्याळावर डिस्कचा सॅटा आणि ग्राफिक्सचा पीसीआय एक्सप्रेस चालतो. रॅमच्या थोड्या वेगापायी डिस्कचा दुवा डळमळीत करण्यात काही अर्थ नाही.

त्याहून जुनी, कोअर २च्या जमान्यातली यंत्रं वेगळी वागतात. तिथे मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत नसून बोर्डावरच्या नॉर्थब्रिजमध्ये असतो, आणि प्रोसेसर त्याच्याशी एफएसबी नावाच्या एकाच वाटेने बोलतो. २००७ सालच्या क्यू६६००चं उदाहरण घ्या. त्याचं एफएसबी २६६ मेगाहर्ट्झचं, ठोक्याला चारदा देवाणघेवाण, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.५ जीबी. ड्युअल चॅनल डीडीआर२-५३३ सुद्धा तेवढंच देते. म्हणजे रॅम १०६६ केली तरी प्रोसेसरपर्यंतची वाट तेवढीच अरुंद राहते. अशा यंत्रावर आधी एफएसबी वाढवायचं आणि रॅमच्या बाबतीत टायमिंग घट्ट करायचं. पण सावध: तिथे रॅमचा वेग एफएसबीला गुणोत्तराने बांधलेला असतो. २६६ला रॅम ८०० असेल आणि तुम्ही एफएसबी ३३३ केलं, तर त्याच गुणोत्तराने रॅम १०००ला जाते. स्टिक कोलमडते आणि दोष प्रोसेसरच्या माथी जातो. आधी गुणोत्तर उतरवा, मग एफएसबी चढवा.

प्रत्यक्ष कामाला लागण्याआधी बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. जुन्या यंत्रात तो मेलेला असतो आणि तुमची सगळी मेहनत बटण बंद करताच विसरली जाते. बायोसची मांडणी आहे तशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सीएमओएस क्लिअरचा जंपर कुठे आहे तेही आधीच शोधून ठेवा, कारण चुकीच्या टायमिंगवर स्क्रीन काळीच राहते आणि तेव्हा पुस्तिका शोधत बसणं जिवावर येतं. पीसी यूपीएसवर असावा. मग आहे त्याच मांडणीवर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवरून चालवा. जुनी स्टिक मुळातच खराब असेल तर ती पळवून काय मिळणार?

चढण्याची रीत अशी. समजा साधी १३३३, ९-९-९-२४ची जोडी आहे आणि बोर्ड १६०० देतो. आधी १६०० आणि ११-११-११-२८ लावा, व्होल्टेज १.५च. हे टायमिंग सैल आहे, ते मुद्दाम. चिपला हा वेग मुळात झेपतो का, एवढंच त्यातून कळतं. चाचणीत पास झाली तर १०-१०-१०-२८ करा, म्हणजे १२.५ नॅनोसेकंद. तेही टिकलं तर ९ करून बघा. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर चाचणी, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र पडलं, तर कशामुळे पडलं हे कधीच कळत नाही. ९ला अडलात तर तिन्ही आकडे एकदम सोडू नका, ९-१०-१०ही बघा. व्होल्टेज किंचित वाढवल्यावर सीएल बहुधा उतरतो, टीआरसीडी मात्र हट्टी असतो. टीआरएएस सीएल आणि टीआरसीडीच्या बेरजेपेक्षा थोडा वर असू द्या, त्याच्याखाली दाबून हाती काही लागत नाही. दोनच स्टिक असतील तर कमांड रेट २टीवरून १टी करून बघा. चार असतील तर २टीच राहू द्या. टीआरएफसी, म्हणजे रिफ्रेशला (रॅममधली माहिती पुन्हा भरण्याला) लागणारे ठोके, 'ऑटो'वर सोडा. ४ गिगाबिटच्या चिपला रिफ्रेश पुरा करायला २६० नॅनोसेकंद लागतात. १३३३वर ते १७४ ठोके होतात, १६००वर २०८. वेग वाढवला आणि ठोके जुनेच ठेवले तर रिफ्रेश अर्धवट राहतो.

व्होल्टेजच्या बाबतीत हात आखडता ठेवा. डीडीआर३चं ठरलेलं व्होल्टेज १.५. खास किट १.६५वर चालवायला बनवलेली होती, त्याच्यावर कधीच जाऊ नका. साध्या हिरव्या स्टिकला १.५५, फार तर १.६. इंटेलने २००८च्या अखेरीस मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत आणला. तेव्हापासून रॅमला दिलेल्या जादा व्होल्टेजचा ताण प्रोसेसरलाही सोसावा लागतो, आणि तो बिघडला तर नवा कुठून आणाल?

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. ओव्हरक्लॉक फसलं की यंत्र हँग होतं, निळी स्क्रीन येते, एवढंच लोकांना ठाऊक असतं. तसं झालं तर उलट नशीब समजा, कारण चूक दिसली. घात करते ती न दिसणारी चूक. साध्या डेस्कटॉपच्या रॅममध्ये चूक पकडणारी ईसीसी नसते. एखादा बिट पलटला आणि त्या क्षणी त्या जागी तुमच्या लग्नाचा फोटो असेल, मुलीचा प्रकल्प असेल, सोसायटीचा जमाखर्च असेल, तर पलटलेला बिट 'सेव्ह'बरोबर निमूट डिस्कवर जातो. पीसी तक्रार करत नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही इमानाने बॅकअप घेता आणि बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवर चढते. वर्षभराने फाइल उघडत नाही तेव्हा कारण शोधायला मागे काहीच उरलेलं नसतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. रॅमला हात लावण्याआधी पूर्ण बॅकअप घ्या, तो पीसीपासून सोडवून कपाटात ठेवा, आणि नवी मांडणी नीट रुळेपर्यंत त्याच्यावर काहीही चढवू नका. चाचणीच्या काळात डिस्कची सॅटा केबलच काढून ठेवा. मेमटेस्टला डिस्क लागत नाही. विंडोज किंवा लिनक्स सुरू झालं म्हणजे रॅम बरोबर आहे असं धरू नका. विंडोज सुरू होणं ही चाचणीच नव्हे. मेमटेस्ट रात्रभर चालू द्या, सकाळी चुकांचा आकडा शून्यच हवा. एक चूकही चालणार नाही. मग डिस्क जोडून प्राइम९५ ब्लेंड प्रकारावर काही तास चालवा, कारण प्रोसेसर आणि रॅम एकदम तापल्यावर काय होतं हे मेमटेस्टला पुरेसं दिसत नाही.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे विशेष. रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये भारित असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरावी लागते, आणि त्यासाठी सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशचा हुकूम सुटतो. चिप तापली की गळती वाढते. ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुप्पट वेळा करावा, असं डीडीआर३चं प्रमाणच सांगतं. बायोसमध्ये टीआरईएफआय नावाचा आकडा असेल, तो वाढवला की रिफ्रेश कमी वेळा होतो आणि बेंचमार्क सुधारतो. त्याला हात लावू नका. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल लॅब्जच्या संशोधकांनी २०१४ साली १२९ डीडीआर३ स्टिकवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच ओळ वारंवार उघडझाप केल्यावर त्यांपैकी ११० स्टिकमध्ये शेजारच्या ओळीतले बिट पलटत होते, तेही ओव्हरक्लॉक नसताना. रिफ्रेश लांबवणं म्हणजे अशा चुकांना जास्त वाव देणं.

इतकं करून मिळतं किती, हे स्वतः मोजा. सेव्हन-झिपमध्येच बेंचमार्क आहे, फुकट आहे, आणि त्यातलं आकुंचन रॅमच्या दिरंगाईला फार संवेदनशील आहे. बदलाआधी आणि बदलानंतर तो चालवा, आणि जोडीला तुमचं रोजचं एखादं जड काम घड्याळ लावून करा. अपेक्षा बेताची ठेवा. प्रोसेसरने मागितल्यापासून हाती पडेपर्यंतचा एकूण वेळ अशा यंत्रांवर साधारण पन्नास नॅनोसेकंदांच्या घरात असतो, आणि १६००वर सीएल एकाने उतरवल्यावर त्यातला सव्वा नॅनोसेकंद वाचतो. शिवाय आय५-२५००च्या पोटात ६ एमबीचा एल३ कॅशे आहे, बहुतेक मागण्या तिथेच भागतात. पत्र लिहिताना, ब्राउझर चालवताना काहीच जाणवणार नाही. आकुंचनात, कंपाइलमध्ये, आतल्या ग्राफिक्सवर आणि काही खेळांत जाणवेल. दोन मांडण्यांत फरक जेमतेम असेल, तर कमी व्होल्टेजची ठेवा.

ठरलेली मांडणी एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा: वेग, चारही टायमिंग, व्होल्टेज, तारीख. डिसेंबरात पुण्याला रात्री पास झालेली मांडणी मे महिन्यात दुपारी टिकेलच असं नाही, आणि नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर मुळीच गृहीत धरू नका. कॅबिनेटमधली धूळ काढा, पंखा फिरतोय ना ते बघा, आणि मे महिन्यात भर दुपारी पुन्हा मेमटेस्ट लावा. एक जरी चूक दिसली, तर सीएल, टीआरसीडी आणि टीआरपी एकेका आकड्याने सैल करा किंवा वेग एक पायरी खाली आणा, आणि चाचणी पहिल्यापासून करा.